‘या’ नावाची नदी: कॉम्प्युटरला मराठी वाचायला बसवायचं तर

माझ्या कॉम्प्युटरनं मराठी मजकूर वाचून शोधलेली पहिली नदी होती ‘या’. दुसरी ‘त्या’. तिसरी पंचगंगा निघाली तेव्हा जरा जीवात जीव आला. चौथी ‘याच’.

चूक त्याची नव्हती. ‘नदीच्या काठी’ दिसलं की आधीचा शब्द उचल, ती नदी, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. आता लिहिणाऱ्यानं “या नदीच्या काठी वसलेलं गाव” असं लिहिलं असेल, तर तो बिचारा काय करणार?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं, काम करते. प्रबंध, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, सगळं हातून गेलंय. पायथन (कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) मला भाच्यानं शिकवलं, तेही “मावशे, तुला जमंल, प्रुफं तपासण्यापेक्षा सोपं हाय” असं फसवून. हा उद्योग सुरू झाला एका निवृत्त गुरुजींमुळे. त्यांनी जिल्ह्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि शेवटी सूची हवी म्हणाले: गावं वेगळी, नद्या वेगळ्या, माणसं वेगळी. हातानं करायची तर दोन महिने. म्हटलं, कॉम्प्युटरलाच शिकवू. नेटवर एवढं मराठी पडलंय, ते वाचून त्याला कळू दे की गाव काय आणि नदी काय.

दोन महिन्यांचं काम वाचवायला मला चार महिने लागले. तुम्हाला कमी लागावेत म्हणून हे लिहितेय.

युक्ती जुनी आहे

१९९२ मध्ये मार्टी हर्स्ट या संशोधिकेनं दाखवलं की ‘अमुक, तमुक यांसारखे पदार्थ’ अशा ठरावीक वाक्यरचना पकडल्या, की कुठली वस्तू कुठल्या जातीची हे कॉम्प्युटरला मजकुरातून उचलता येतं. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिननं (गूगलवालाच) पाच पुस्तकांची नावं आणि लेखक कॉम्प्युटरला दिले. ते पाच नेटवर कसे लिहिलेत ते पाहून साचे काढायचे, त्या साच्यांनी नवी पुस्तकं शोधायची, नव्या पुस्तकांवरून आणखी साचे. पाचाची यादी पंधरा हजारांवर गेली. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि मंडळींनी ‘नेल’ नावाचा प्रोग्रॅम चालू केला. तो रात्रंदिवस वेब वाचायचा. ६७ दिवसांत त्यानं दोन लाख बेचाळीस हजारांवर गोष्टी गोळा केल्या, त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर. म्हणजे चारातली एक चूक. एवढी मोठी माणसं, एवढी मोठी मशिनं, तरी चारात एक. माझी ‘या’ नदी त्यामानानं पोरखेळ.

आपण करायचं तेही हेच. थोडी उदाहरणं द्यायची, साचे काढायचे, नवी नावं, पुन्हा साचे. साध्या लॅपटॉपवर होतं, माझा आठ जीबीचा आहे.

मजकूर कुठून आणायचा

मराठी विकिपीडियाची अख्खी फाइल विकिमीडियाच्या साइटवर फुकट मिळते. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असल्यामुळे नाव देऊन वापरायला हरकत नसते. वर्तमानपत्रांच्या साइटी परस्पर उपसू नका. तो मजकूर त्यांचा आहे, आणि साइटवर रोबोट्स नावाची एक छोटी फाइल असते, त्यात काय वाचायचं नाही ते लिहिलेलं असतं. कथाकादंबऱ्यांची भाषा हवी होती म्हणून मी दोन लेखकांना विचारून त्यांच्या माझ्याकडच्या फायली घेतल्या. लग्नपत्रिकांच्या हजारो फायली माझ्याकडे आहेत, गावाच्या नावांची तर ती खाणच. पण त्यात लोकांच्या घरची नावं, पत्ते, नंबर. त्यांना मी हात लावला नाही.

जुन्या फायली श्रीलिपीत किंवा तसल्याच फॉन्टात असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणा. त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरं असतात, वर फक्त मराठी कपडे. कॉम्प्युटर कपडे बघत नाही.

युनिकोड झालं म्हणजे सुटलो असंही नाही. ‘आजऱ्यात’ हा शब्द घ्या. आजरा म्हटलं की घनसाळ तांदूळ, तोच हा तालुका. मला यादीत ‘आजऱ्यात’ दोनदा दिसायला लागलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांनाही फरक दिसेना. मग भाच्यानं एकेका अक्षराचा क्रमांक काढून दाखवला. एका ‘आजऱ्यात’मधला अर्धा र हा ‘ऱ’ हे वेगळं अक्षर (क्रमांक ०९३१) घेऊन हलन्त लावून केलेला. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मागे न दिसणारा एक जोडक, झीरो विड्थ जॉइनर. कागदावर एकच, आत दोन. युनिकोडचं जे प्रमाणीकरण पायथनमध्ये तयार मिळतं, ते र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगळे लिहिले असतील तर जोडून देतं, पण या जोडकवाल्याला हात लावत नाही. तो आपणच बदलून घ्यायचा. तीच गत ‘ॲ’ची: एक अख्खं अक्षर, किंवा अ वर चंद्र. ‘ॲल्युमिनियम’ माझ्याकडे दोन धातू झाले होते. मराठी आणि इंग्रजी आकडेही एकाच लिपीत करून घ्या.

वाक्यं तोडताना पूर्णविरामावर तोडू नका. म्हणजे तोडा, पण ‘डॉ.’, ‘इ.स.’, ‘कि.मी.’, ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ यांची यादी करून त्यांच्यावर तोडायचं नाही असं सांगा. नाहीतर प्रत्येक डॉक्टर वाक्याच्या शेवटी लटकतो.

आणि हेच ‘ता.’ आणि ‘जि.’ पुढे सोनं ठरतात. “ता. शिरोळ, जि. कोल्हापूर” हा मराठीनं आपण होऊन दिलेला साचा आहे. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड: बारा तालुके. मी फक्त तीन दिले होते, बाकीचे त्यानं पत्त्यांतून काढले. शिवाय भुदरगड तालुक्याचं ठिकाण गारगोटी, हेही ‘ता. भुदरगड’ लिहिलेल्या पत्त्यांतच सापडतं. नुसत्या नावावर मात्र भरवसा नको. मलकापूर शाहूवाडीत आहे, कराडजवळ आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातही आहे. म्हणून गाव कधीच एकटं साठवू नका, तालुका-जिल्हा मागे बांधूनच ठेवा.

शब्दाची मूळ चड्डी

हे नाव भाच्यानं ठेवलेलं. शब्द सामान्यरूपात गेला की कपडे बदलतो, आपल्याला मूळ रूप हवं असतं. कोल्हापूरचं ‘कोल्हापुरात’ होताना पू ऱ्हस्व होतो. पन्हाळ्याचं ‘पन्हाळ्यावर’. पंचगंगेचं ‘पंचगंगेत’, कृष्णेचं ‘कृष्णेला’. गारगोटीचं ‘गारगोटीत’, ती मात्र आहे तशीच राहते. इंग्रजीवाल्यांच्या पुस्तकात या दुखण्याचं औषध नाही, कारण त्यांना हे दुखणंच नाही.

नियम लिहून बघितले. ‘-ऱ्यात’ गेलं की ‘-रा’: आजऱ्यात, आजरा, छान. मग ‘वाऱ्यात’चा वारा, तोही बरोबर. पण ‘कोपऱ्यात’वरून ‘कोपरा’ नावाचं गाव मिळालं.

मग एक फुकटचा खजिना सापडला, आणि या सगळ्या लेखातली खरी कामाची गोष्ट हीच. विकिपीडियाच्या कच्च्या फायलीत दुवे दुहेरी चौकटी कंसात असतात, [[पन्हाळा|पन्हाळ्यावर]] असे. उभ्या रेघेच्या डावीकडे लेखाचं मूळ नाव, उजवीकडे वाक्यात लिहिलेलं रूप. हजारो लोकांनी लेख लिहिता लिहिता, नकळत, मूळ रूप आणि सामान्यरूप यांच्या जोड्या लावून ठेवल्यात! सगळे दुवे उपसा. फक्त जोडीतली पहिली दोन अक्षरं जुळत नसतील तर टाकून द्या. नाहीतर ‘शाहू महाराज’ आणि ‘राजर्षी’ अशाही जोड्या येतात, त्या खऱ्या आहेत पण व्याकरणाच्या नव्हेत. काही जण प्रत्यय कंसाबाहेर लिहितात, [[कागल]]ला असं. ते आणखी सोपं.

मजकूर साफ करताना लोक हे कंस आधी खरवडून टाकतात. मीही टाकले होते. पुन्हा पहिल्यापासून.

साच्याला गुण द्यायचे

नदीसाठी मी पाच बिया, म्हणजे सुरुवातीची उदाहरणं, दिल्या: पंचगंगा, कृष्णा, वारणा, हिरण्यकेशी, वेदगंगा. ती नावं जिथे आली तिथला आगेमागेचा मजकूर त्यानं जमवला, त्यातून साचे काढले. एक साचा निघाला ‘__च्या काठावर’. दिसायला उत्तम. त्यानं काय उचललं? कासारी, कुंभी, भोगावती. वा. मग रंकाळा तलाव. मग साडी. मग ताट.

साडीच्या काठावर मोर असतात हे मला माहीत, त्याला कसं असणार?

म्हणून प्रत्येक साच्याला गुण द्यायचे. समजा साच्यानं वीस नावं उचलली. त्यातली बारा आपल्या यादीत आधीच नद्या आहेत, पाच तलाव म्हणून नोंदलेली आहेत, तीन अनोळखी. तलाव म्हणजे नदी नव्हे हे आपण आधी सांगून ठेवलेलं असेल, तर ते पाच सरळ चुका. बाराला पाच चुका देणाऱ्या साच्यावर मी विश्वास ठेवत नाही. ‘__ची उपनदी’ हा साचा कमी नावं आणतो, पण सोळा आणे आणतो. अधाशी साच्यापेक्षा कंजूष साचा बरा.

‘या’, ‘त्या’, ‘याच’, ‘मोठ्या’ यांची एक बाद यादी हातानं करा. अर्ध्या तासाचं काम, पन्नासेक शब्द.

लाच हा पदार्थ

नद्या जमल्यावर हाव सुटली. गुरुजींच्या पुस्तकात खाण्यापिण्याचं एक प्रकरण होतं, तर पदार्थही शिकवू. बिया दिल्या: भाकरी, झुणका, मिसळ, भडंग, आंबोळी. साचा आला ‘__ खाल्ली’, ‘__ खाल्ला’, ‘__ खाल्लं’, ‘__ खाल्ल्या’. याहून खात्रीचा साचा कुठला असणार? रात्री लावून झोपले.

सकाळी चहा घेत यादी उघडली. चपाती, पेरू, भजी. मार. लाच. भाव. डोकं. बोलणी. गटांगळ्या. शेण. हवा.

मराठी माणूस काय काय खातो याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

पण खरी गंमत दुसऱ्या फेरीत. लाच हा पदार्थ आहे असं एकदा ठरल्यावर तो लाचेच्या आजूबाजूचा मजकूर बघून नवे साचे काढणारच. त्यानं काढला ‘__ घेताना रंगेहाथ’. मारावरून काढला ‘बेदम __’. तिसऱ्या फेरीला त्याची पदार्थांची यादी पोलीस ठाण्यातून आल्यासारखी दिसत होती. भाचा फोनवर पडून हसत होता. “मावशे, बेदम मिसळ! नाद खुळा!”

याला म्हणतात अर्थ घसरणं. नेललाही हेच झालं होतं. ब्राउझरमधल्या ‘कुकीज’ त्यानं बेकरीतल्या समजल्या, आणि लोक कुकीज डिलीट करतात तशा फायलीही डिलीट करतात हे वाचून फायलीही बेकरीत नेऊन ठेवल्या. एक चूक आत आली की ती एकटी बसत नाही, आपलं गणगोत बोलावते. पहिल्या फेरीतली चूक पहिल्याच फेरीत मारायची.

कशी? तीन गोष्टी केल्या.

नवं नाव किमान दोन निराळ्या साच्यांनी यायला हवं, आणि त्यातला एक तरी ‘खाणे’ या क्रियापदाशिवायचा हवा. ‘वाटीभर __’, ‘__ शिजत घाला’, ‘__ची चव’. वाटीभर लाच कुणी देत नाही. मार कुणी शिजत घालत नाही. ‘चव’ मात्र फसवी आहे, विजयाची चवसुद्धा असते, तिला अर्धेच गुण.

दुसरं, जाती एकमेकींच्या विरोधात उभ्या करायच्या. पदार्थ असेल तो गुन्हा नसतो, गाव असेल ते माणूस नसतं. म्हणजे नुसते पदार्थ शिकवण्यापेक्षा पदार्थ, गुन्हे, वस्तू, दागिने असं सगळं एकदम शिकवलेलं सोपं जातं, कारण एकाची यादी दुसऱ्याला अडवते. नेलवाल्यांनी शंभरावर जाती एकदम घेतल्या होत्या त्याचं कारण मला तेव्हा कळलं. ‘कोल्हापुरी __’ या साच्यानं मिसळ, गूळ, चप्पल, साज, फेटा अशी मिरवणूक काढली होती. वस्तू आणि दागिन्यांची यादी शेजारी ठेवल्याबरोबर चप्पल आणि साज आपोआप ताटातून उठले.

तिसरं, रोज दहा-पंधरा मिनिटं माणसानं बसायचं. यादीतली नवी वीस नावं वाचायची, बरोबर-चूक खूण करायची. मी दुकान उघडायच्या आधी करते. हे टाळलंत तर बाकी सगळं वाया.

आणि एक लहानसं. एकच वाक्य दहा साइटींवर चिकटवलेलं असतं. ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच. तंतोतंत सारखी वाक्यं आधी काढून टाका. विकिपीडियावर गावांचे कितीतरी लेख ‘अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे’ अशा एकाच साच्यात आहेत. गावं गोळा करायला ते फार छान, पण त्या साच्याचे गुण बघून हुरळू नका. मराठी माणूस एरवी असं लिहीत नाही.

कोण कुणाला मिळतं

जाती झाल्या की नाती. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. इंग्रजीत दोन नावांच्या मधले शब्द उचलले की नातं सापडतं. मराठीत मधे काहीच नसतं! “पंचगंगा कृष्णेला मिळते.” “कृष्णेला पंचगंगा मिळते.” दोन्हीचा अर्थ एकच. नातं बसलंय ‘ला’मध्ये आणि शेवटच्या क्रियापदात. मी पहिल्यांदा नावांचा क्रम धरला, तर अर्ध्या वेळा कृष्णा पंचगंगेला जाऊन मिळाली. म्हणून साचा असा लिहा: प्रत्यय नसलेलं नदीचं नाव, ‘ला’ लागलेलं नदीचं नाव, वाक्याच्या शेवटी ‘मिळते’. पुढे कोण, मागे कोण, ते सोडून द्या.

क्रियापदाचा काळही साठवा. कोल्हापूर संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. २०२२ आधीच्या मजकुरात इचलकरंजीची नगरपालिका आहे, नंतरच्या मजकुरात महानगरपालिका. दोन्ही खरं. मजकूर कधीचा आहे हे शेजारी लिहून ठेवलं नाहीत, तर कॉम्प्युटर दोघांचं भांडण लावतो आणि ज्याच्या बाजूनं जास्त वाक्यं त्याला जिंकवतो. जुना मजकूर नेहमीच जास्त असतो.

हे आता कशाला?

भाचा म्हणतो, आता मोठी मॉडेलं आहेत, पुढचा शब्द ओळखायचा सराव करून करून ती सगळंच शिकतात, तू कशाला साचे घासत बसतेस? बरोबर आहे त्याचं. ‘लाच खाल्ली’ आणि ‘मिसळ खाल्ली’ यातला फरक त्यांना आजूबाजूच्या शब्दांवरून कळतो, माझ्या वाटीभरच्या युक्तीची त्यांना गरज नाही. मीही ती मॉडेलं वापरते. पण तुळशी नदी आहे हे त्यांनी कुठल्या वाक्यावरून ठरवलं, ते वाक्य मला काढून दाखवता येत नाही. माझ्या यादीत प्रत्येक नावापुढे वाक्य आणि पान आहे. गुरुजींना तेच हवं असतं. ते चष्मा वर करून विचारतात, “हे कुठं लिहिलंय, बाई?” आणि मी बोट ठेवते.

तुळशीचा विषय निघालाच म्हणून सांगते. तुळशी राधानगरी तालुक्यातली नदी, धामोडला तिच्यावर धरण आहे, आणि पंचगंगेला जी पाणी देतात त्यांतली ती एक. अंगणातलीही तुळशीच. तिनं फार छळलं. एका फेरीत तर ‘__चं लग्न’ हा नद्यांचा साचा झाला होता. शेवटी मी ‘नाव एक, जाती दोन’ असा वेगळा रकाना केला. असं नाव आलं की यादीत घालायचं नाही, बाजूला ठेवून मला विचारायचं. तसा रकाना तुम्हीही पहिल्या दिवसापासून ठेवा, मी तिसऱ्या महिन्यात केला.

रकान्यातली सगळी वाक्यं मी तपासली, असं मला वाटत होतं. सूचीचं शेवटचं प्रूफ गुरुजींकडे पाठवलं. दोन दिवसांनी पेन्सिलच्या खुणांसकट परत आलं. ‘तुळशी (वनस्पती)’ बरोबर. ‘तुळशी (नदी)’ पुढे सात पानांचे आकडे, त्यातल्या पहिल्या आकड्याभोवती गोल. मी फाइल उघडून ते पान काढलं. अर्पणपत्रिका होती. तीन ओळींची, आणि तुळशी हे गुरुजींच्या आईचं नाव.